चिनी राजविधींनी सम्राटाला खरोखर आवर घातला का?

धागाकर्ता:
पारंपरिक चीनमधले राजविधी म्हणजे केवळ दरबारी थाट, हे मत मला मान्य नाही. सम्राटाला अडवण्याचा अधिकार मंत्र्यांना विधींमुळेच मिळत असे. १५२१ मध्ये मिंग घराण्यातील झंगद सम्राट निपुत्रिक वारला आणि त्याचा १३ वर्षांचा चुलतभाऊ ज्याजिंग सम्राट म्हणून गादीवर आला. वंशपरंपरा अखंड राहावी म्हणून त्याने स्वतःला दिवंगत चुलते हाँगझी सम्राट यांचा दत्तकपुत्र मानावे आणि जन्मदात्या पित्याला काका म्हणावे, असा आग्रह ज्येष्ठ मंत्री यांग तिंगह यांनी धरला. सर्वसत्ताधीशाने बाप कोणाला म्हणावे हे दरबाराने सांगावे, ही लहान गोष्ट नाही.

प्रतिसाद १:
आपण शेवट गाळला आहे. सम्राटाने हा आग्रह मानला नाही, त्याला जन्मदात्यालाच पिता म्हणायचे होते. याच्या निषेधार्थ १५२४ मध्ये २०० हून अधिक अधिकारी राजवाड्याच्या दारात गुडघे टेकून आक्रोश करू लागले, तेव्हा सम्राटाने अनेकांना कैद करून फटके मारवले आणि त्यात डझनाहून अधिक जण दगावले. पुढे १५३० मध्ये त्याने आकाश व पृथ्वी यांची एकत्र होणारी पूजा वेगळी केली, कन्फ्यूशियसचा ‘राजा’ हा किताबही काढून घेतला, आणि १५३८ मध्ये कधीही राज्य न केलेल्या आपल्या पित्याला पूर्वजमंदिरात सम्राटांच्या पंक्तीत बसवले. बळी तो कान पिळी, याला आवर कसा म्हणायचा?

धागाकर्ता:
ते फटके मी नाकारत नाही. पण तीन वर्षे वाद घालावा का लागला, याचे उत्तर आपल्या प्रतिसादात नाही. गादीचा वारसा आणि पुत्राचा वारसा वेगळे असतात, म्हणजे गादीवर येण्यासाठी दुसऱ्याचा पुत्र व्हावे लागत नाही, हा युक्तिवाद झांग छोंग या नुकत्याच परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्वानाने ग्रंथांच्या आधारे मांडला, तेव्हा कुठे सम्राटाच्या इच्छेला उभे राहायला जागा मिळाली. केवळ हुकूम पुरेसा असता, तर ग्रंथ धुंडाळण्याची गरजच नव्हती.

प्रतिसाद २:
मला अडचण नेमकी इथेच दिसते. दोन्ही पक्षांकडे शास्त्र होते, परंतु निवाडा करणारा मात्र स्वतः वादी असलेला सम्राटच होता. त्याला अनुकूल अर्थ लावणारे झांग छोंग पुढे मुख्य मंत्रिपदापर्यंत पोहोचले, तर यांग तिंगह यांना १५२४ मध्येच पद सोडावे लागले. विधींनी मंत्र्यांना विरोधाची भाषा दिली, हे मी मान्य करतो; ती बोलणाऱ्याच्या पाठीचे रक्षण मात्र त्यांनी केले नाही.