सी++: डॉक्युमेंट, पान, आकृती – मालकी कोणाकडे ठेवायची?

रेघोटी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. चित्रं काढायच्या एका डेस्कटॉप ॲपची मांडणी ठरवायची आहे, सी++१७ मध्ये. डॉक्युमेंटमध्ये पानं, पानावर आकृत्या: चौकोन, वर्तुळ, मजकूर, फोटो. आकृतीचा रंग बदलला की तिने पानाला पुन्हा रंगवायला सांगायचं, म्हणून तिला आपलं पान माहीत हवं. बाजूच्या पॅनेलला निवडलेली आकृती हवी. एकच फोटो अनेक ठिकाणी वापरलेला असू शकतो. अनडू तर हवंच.

आत्ताच्या मसुद्यात सगळीकडे शेअर्ड पॉइंटर (मालक मोजणारा, शेवटचा गेला की वस्तू नष्ट करणारा) आहे, आकृतीकडून पानाकडे जाणारासुद्धा. डॉक्युमेंट बंद केलं की रिकाम्या पानांचे डिस्ट्रक्टर (वस्तू नष्ट होताना चालणारं फंक्शन) चालतात, बाकीच्यांचे चालत नाहीत. वर जाणारा दुवा वीक पॉइंटर (मालकीत न मोजला जाणारा) केला की भागेल, की मुळातच वेगळं मांडावं?

हेडरगार्ड

वीक केल्याने गळती (मेमरी अडकून राहणं) थांबेल. पण मांडणी तेवढीच संदिग्ध राहील, त्यामुळे मुळातून बदला.

रिकामी पानं का सुटतात ते आधी पाहा. पानावर एक आकृती आली की त्या पानाच्या मालकांचा काउंट २ होतो: एक डॉक्युमेंटचा, एक आकृतीचा. डॉक्युमेंट गेलं की १ उरतो, तो आकृतीचा. आणि आकृतीला पानाने धरलंय. दोघं एकमेकांना धरून बसतात, काउंट शून्यावर येतच नाही.

पान गेल्यावर आकृती जगायला हवी का? नको. मग ही सरळ कंपोझिशन (पूर्णाबरोबर भागही जातो) आहे आणि मालक एकच. डॉक्युमेंटमध्ये पानांच्या युनिक पॉइंटरचा (एकच मालक असलेला) व्हेक्टर (वाढणारी यादी), पानात आकृत्यांच्या युनिक पॉइंटरचा व्हेक्टर. वर जाणारा दुवा साधा पॉइंटर. साध्या पॉइंटरला घाबरायचं कारण नाही. त्याने डिलीट करायचं नाही एवढाच नियम. आकृती पानाच्या आधीच मरणार असेल तर तो कधी लोंबकळत नाही.

इथे हमखास चुकतं ते असं. पानं व्हेक्टरमध्ये थेट, पॉइंटरशिवाय ठेवली, तर व्हेक्टर वाढताना पानं नव्या पत्त्यावर हलतात आणि प्रत्येक आकृतीचा वर जाणारा पॉइंटर जुन्या, सोडून दिलेल्या जागेकडे बघत राहतो. चाचणीत दोन-तीन पानं असतील तर कदाचित कळणारही नाही. युनिक पॉइंटरमागे ठेवलं की पानाचा पत्ता बदलत नाही. शिवाय पान क्लासचे कॉपी आणि मूव्ह दोन्ही डिलीट म्हणून जाहीर करा, म्हणजे पुढे कोणी चुकून हलवलं तर कंपायलरच अडवेल.

आकृतीच्या बेस क्लासचा (सगळ्या आकृत्यांचा सामाईक) डिस्ट्रक्टर व्हर्च्युअल, म्हणजे खऱ्या प्रकाराचाच चालेल असा, हवाच. शेअर्ड पॉइंटर मूळ प्रकाराचा डिलीटर लक्षात ठेवतो, म्हणून आत्ता तो विसरलेला असला तरी चालून जात असेल. युनिक पॉइंटर तसं करत नाही. बेसमधून डिलीट होईल आणि वर्तन अपरिभाषित, म्हणजे काहीही होऊ शकतं. जीसीसी कंपायलरमध्ये नॉन-व्हर्च्युअल-डीटॉरची वॉर्निंग वेगळी चालू करावी लागते, ती नेहमीच्या ‘वॉल’ पर्यायात येत नाही.

टाकसाळ

वरच्याशी सहमत. अनडू आणि फोटोबद्दल भर घालते.

अनडूमध्ये मालकी हलते. पानाच्या ‘काढ’ फंक्शनने आकृतीचा युनिक पॉइंटर परत द्यावा आणि तो डिलीट-कमांडने (खोडण्याची कृती लक्षात ठेवणाऱ्या ऑब्जेक्टने) स्वतःकडे ठेवावा, सोबत आकृतीचा क्रमांकही, म्हणजे अनडू केल्यावर ती त्याच थरावर परत बसेल. क्रम महत्त्वाचा: आधी जागेतून मूव्ह करून घ्या, मगच इरेज. उलटं केलंत तर आकृती तिथेच मरते.

पण आता आकृती पानाबाहेरही जगू शकते, म्हणजे ‘पानाच्या आधीच मरते’ हे गृहीत ढिलं झालं. मेंबर ज्या क्रमाने जाहीर केले त्याच्या उलट क्रमाने नष्ट होतात. म्हणून डॉक्युमेंटमध्ये पानांचा व्हेक्टर आधी आणि अनडूचा इतिहास त्याच्या खाली लिहा. इतिहास आधी जाईल, तेव्हा पानं जिवंत असतील. तिथे कॉमेंट टाकून ठेवा, नाहीतर कोणीतरी मेंबर नीटनेटके लावायला जाईल. पान डिलीट करण्याची कमांडसुद्धा अख्खं पान धरून ठेवू दे, फेकू नका. इतिहासाला मर्यादा असेल तर जुन्या कमांड आधी टाका. पानावरच्या आकृतीची कमांड पानाच्या कमांडपेक्षा जुनीच असते.

फोटो हा मात्र शेअर्ड पॉइंटरचा खरा उपयोग: शेवटचा वापरणारा कोण ते आधी सांगताच येत नाही. कॉन्स्ट फोटोचा शेअर्ड पॉइंटर ठेवा, म्हणजे एका ठिकाणचा बदल सगळीकडे उमटणार नाही. फोटोंच्या कॅशमध्ये वीक पॉइंटर. मेक-शेअर्डने (वस्तू आणि तिचा शेअर्ड पॉइंटर बनवणारं फंक्शन) बनवलेल्या वस्तूची जागा काउंटच्या ब्लॉकसोबत एकाच तुकड्यात असते, आणि एक जरी वीक पॉइंटर उरला तर तो तुकडा परत मिळत नाही. पिक्सेल फोटोच्या आतल्या व्हेक्टरमध्ये असतील तर ते डिस्ट्रक्टरमध्येच सुटतात, अडकतो तो छोटा सांगाडा. मोठा अ‍ॅरे थेट क्लासमध्येच असेल तर सगळाच अडकतो. संपलेल्या नोंदी कॅशमधून अधूनमधून झाडा.

रेघोटी

पटलं, धन्यवाद. पॅनेलचं राहिलं. युनिक पॉइंटरवर वीक पॉइंटर चालत नाही. पॅनेल क्यूटीचं (खिडक्या-बटणांची लायब्ररी) आहे, तेही युनिक पॉइंटरमध्येच ठेवू ना?

हेडरगार्ड

पॅनेलला पॉइंटर देऊच नका, आयडी द्या. प्रत्येक आकृतीला ६४ बिटांचा वाढता क्रमांक, आणि डॉक्युमेंटकडे आयडीवरून पॉइंटर देणारा मॅप. पॅनेल दर वेळी विचारेल. नल मिळालं तर निवड रिकामी करेल. आकृती ‘काढ’मधून जाताना मॅपमधली नोंदही तिथेच काढा. हे विसरलात तर अनडूच्या इतिहासात पडलेली आकृती पॅनेलमध्ये संपादित करता येईल: पत्ता वैध असल्याने क्रॅश होणार नाही, आणि चूक शोधायला फार जड जाईल.

क्यूटीत विजेटला (पॅनेल, बटण असा भाग) पॅरेंट दिला की पॅरेंटच त्याला डिलीट करतो. तेच विजेट युनिक पॉइंटरमध्येही ठेवलं तर मालक दोन. युनिक पॉइंटर आधी गेला तर विजेट पॅरेंटच्या यादीतून स्वतःला काढून घेतं आणि सगळं ठीक वाटतं. पॅरेंट आधी गेला तर दुहेरी डिलीट. पॅरेंट दिला असेल तर साधा पॉइंटर ठेवा, विजेट मधेच जाण्याची शक्यता असेल तर क्यूपॉइंटर (विजेट गेलं की आपोआप नल होणारा).

टाकसाळ

बदल करताना एक एरर नक्की भेटेल. पानाच्या हेडरमध्ये आकृतीचं फक्त फॉरवर्ड डिक्लरेशन (नुसतं नाव, व्याख्या नाही) असेल, तर अपूर्ण प्रकारावर साइझऑफ चालत नाही अशी तक्रार येईल. पानाचा डिस्ट्रक्टर हेडरमध्ये नुसता जाहीर करा आणि सीपीपी फाईलमध्ये, आकृतीचं हेडर घेतल्यावर, डिफॉल्ट म्हणून लिहा. कन्स्ट्रक्टरही तिथेच.

आणि लिनक्सवर ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून डॉक्युमेंट उघडा, थोडं खोडा, अनडू करा, बंद करा. गळती तो प्रोग्राम संपताना दाखवतो, पण ज्या मेमरीकडे एखादा ग्लोबल अजून बोट दाखवतोय ती गळती धरत नाही. म्हणून उघडी डॉक्युमेंटं ग्लोबल यादीत ठेवत असाल तर बंद करताना तिथूनही काढली जातात ना, ते वेगळं तपासा.