सल्ला हवा: अमेरिकेतल्या ज्यू सिनेगॉगांची संयुक्त परिषद – नेमकं कोणतं प्रकरण वाचू?

मुक्काम_एडिसन

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत आमच्या भागात चार मंदिरं आणि एक मराठी मंडळ आहे. पंथ वेगळे, भाषा वेगळ्या, पूजेच्या पद्धती वेगळ्या. पण शाळेला दिवाळीची सुट्टी मागायची असो की उत्सवाला पार्किंगची सवलत, पाचही जण वेगवेगळी निवेदनं घेऊन त्याच टेबलापुढे उभे. समोरचा माणूस विचारतो, तुमच्यातला खरा प्रतिनिधी कोण? म्हणून संयुक्त परिषद काढायचं चाललंय आणि घोडं अडलंय नियमावलीत. एका मंदिराचे विश्वस्त म्हणतात, आमच्या होकाराशिवाय परिषदेच्या नावाने एक ओळही बाहेर जाता कामा नये. बाकीच्यांना बहुमत हवंय.

शेजारच्या सिनेगॉगमधले, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातले, एक आजोबा म्हणाले, आम्ही हे सगळं करून बसलोय, आमचा इतिहास वाचा. तर कुठून सुरुवात करू? जाडजूड ग्रंथ सुचवू नका. बैठकीत पंधरा मिनिटांत सांगता येईल असं काहीतरी हवंय.

कागदी_घोडा

सिनेगॉग कौन्सिल ऑफ अमेरिका. १९२६ ला सुरू, १९९४ ला बंद. बारशापासून तेराव्यापर्यंत सगळं एकाच फायलीत मिळेल. आजोबांच्या डोक्यातही बहुधा हीच असणार.

तिथल्या ज्यूंचे तीन मोठे प्रवाह: रिफॉर्म (सुधारक), कॉन्झर्व्हेटिव्ह (मधले) आणि ऑर्थोडॉक्स (परंपरा काटेकोर पाळणारे). प्रत्येकाची सिनेगॉगांची एक राष्ट्रीय संघटना आणि रब्बायांची, म्हणजे धर्मगुरूंची, एक, अशा सहा संस्था कौन्सिलच्या सभासद. रिफॉर्मवाल्यांची युनियन १८७३ ची, ऑर्थोडॉक्स युनियन १८९८ ची, कॉन्झर्व्हेटिव्हांची युनायटेड सिनेगॉग १९१३ ची. म्हणजे कौन्सिल निघाली तेव्हा सगळ्यांची आपापली दुकानं आधीच थाटलेली होती. प्रार्थनेला स्त्री-पुरुषांनी शेजारी बसायचं की नाही, कोषर, म्हणजे खाण्यापिण्याचे धर्मनियम, कितपत पाळायचं, कुणी केलेलं धर्मांतर ग्राह्य धरायचं, यावर त्यांचं जमण्यासारखं नव्हतंच. कौन्सिलने ते जमवायच्या भानगडीत पडायचं टाळलं.

आता तुमचा मुद्दा. तिथे प्रत्येक सभासद संस्थेला नकाराधिकार होता. एकाने नाही म्हटलं की ठराव बारगळला. तुमचे विश्वस्त नेमकं तेच मागताहेत. माझं मत विचाराल तर देऊन टाका. बहुमताचा नियम असता तर ऑर्थोडॉक्स मंडळी त्या टेबलावर आलीच नसती.

चहाटळ

सहा संस्था आणि सहा नकार? आमच्या सोसायटीत सहा जणांचं पाण्याच्या टाकीवर एकमत होत नाही. वाचतोय, खूण म्हणून प्रतिसाद.

कलम_बत्तीस

@चहाटळ, होत होतं, कारण विषय निवडून घेतले होते.

एडिसनकर, तुम्हाला पंधरा मिनिटांचं एकच प्रकरण हवं असेल तर क्राउन कोषर सुपर मार्केटचा खटला घ्या. मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड गाव. राज्याचा कायदा असा की रविवारी दुकानं बंद. हे दुकान शुक्रवारी सूर्यास्ताला बंद व्हायचं ते शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, संपेपर्यंत, आणि आठवड्याच्या विक्रीतला सुमारे तिसरा हिस्सा रविवारी व्हायचा. कायद्याने कोषर मांस रविवारी सकाळी दहापर्यंत विकायची मुभा दिली होती, पण तेवढ्यासाठी शटर उघडणं परवडत नव्हतं. म्हणजे धर्म पाळा आणि दोन दिवस गल्ला बंद ठेवा. रविवार-बंदीच्या या खटल्यांत कौन्सिलने सर्वोच्च न्यायालयात आपलं म्हणणं मांडलं. १९६१ मध्ये निकाल दुकानाच्या विरोधात गेला. पण यात रिफॉर्म आणि ऑर्थोडॉक्स एकाच कागदावर का आले ते कुणालाही दोन मिनिटांत कळतं. शनिवारी स्वतः काम करणारा रिफॉर्म ज्यूसुद्धा, सरकारने रविवार लादू नये, एवढं म्हणू शकत होता.

असंच शाळांचं. १९४८ चा मॅकॉलम खटला, इलिनॉयमधल्या शॅम्पेन गावचा. सरकारी शाळेच्या इमारतीत, शाळेच्या वेळात धर्माचे वर्ग चालायचे, त्याविरुद्ध एक आई कोर्टात गेली. बाई उघड नास्तिक. त्यामुळे तिच्या बाजूने उभं राहायला काही ज्यू पुढारी कचरत होते, तरी कौन्सिल उतरली आणि आठ विरुद्ध एक मताने बाई जिंकली. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांतली २२ शब्दांची सरकारी प्रार्थना रद्द झाली, तिथेही कौन्सिल विरोधातच होती. या कामात एक नाव सतत भेटेल: लिओ फेफर, अमेरिकन ज्युइश काँग्रेसचे वकील. स्वतःचा वकीलवर्ग नसलेल्या कौन्सिलला असा माणूस मिळाला हे नशीब म्हणायचं. तुमच्याकडे असा कोण आहे, ते आत्ताच बघून ठेवा.

मात्र १९६५ आलं आणि शाळांचाच विषय फिरला. धार्मिक शाळांतल्या मुलांपर्यंत केंद्राचा पैसा जाऊ द्यायचा का? ऑर्थोडॉक्सांच्या स्वतःच्या शाळा वाढल्या होत्या, त्यांना तो हवा होता. बाकीचे दोघे धर्म आणि सरकार यांच्यातल्या भिंतीला धरून बसले. त्याच वर्षी ऑर्थोडॉक्स वकिलांनी कोल्पा नावाची स्वतःची संस्था काढली. नकाराधिकार असलेल्या कौन्सिलला या विषयावर तोंड उघडणं अवघड होऊन बसलं.

तिसरी_घंटा

नकाराधिकाराचं एवढं कौतुक चाललंय म्हणून लिहितो. त्याने सगळ्यांचं समाधान होतं असं समजू नका.

१९५६ मध्ये अमेरिकेतल्या अकरा ज्येष्ठ येशिवाप्रमुखांनी, म्हणजे ऑर्थोडॉक्स पाठशाळांच्या प्रमुखांनी, निर्णय दिला की सिनेगॉग कौन्सिलमध्ये बसणं धर्माला धरून नाही. सही करणाऱ्यांत एहरन कोटलर आणि मोशे फाइन्स्टाइन यांच्यासारखी नावं होती, म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखं पत्रक नव्हतं. त्यांचा आक्षेप एखाद्या ठरावाला नव्हता. रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह रब्बायांच्या पंक्तीला बसलात की त्यांचं रब्बायपण मान्य केलंत, असा त्यांचा युक्तिवाद. हातात शंभर नकार असले तरी या आक्षेपावर त्यांचा काय उपयोग?

तरीही ऑर्थोडॉक्स युनियन आणि त्यांच्या रब्बायांची संघटना आत राहिली, ती जोसेफ सोलोव्हाइचिक यांच्यामुळे. येशिवा युनिव्हर्सिटीतले गुरू, त्या संघटनेतले कितीतरी रब्बाय त्यांचे विद्यार्थी. त्यांनी सही केली नाही. त्यांची रेघ सरळ होती: सरकार, ज्यूद्वेष, समाजाचं रक्षण, अशा बाहेरच्या बाबतीत सगळ्यांबरोबर काम करा, पूजाविधी आणि धर्मनिर्णयाच्या घरातल्या बाबतीत नाही. एका माणसाच्या न केलेल्या सहीवर कौन्सिल जवळपास चाळीस वर्षं उभी राहिली, असं मी म्हणेन. कागदी_घोडा बहुधा भांडतील.

तेव्हा एडिसनकर, त्या विश्वस्तांना एकदा बाजूला घेऊन विचारा: तुम्हाला मजकुरावर ताबा हवाय, की अमुक मंदिराच्या शेजारी नाव छापलेलंच नकोय? पहिलं असेल तर नियम करून सुटेल.

कागदी_घोडा

भांडत नाही, पण थोडी भर. आत राहायला गुरूंचा आशीर्वाद लागतो हे खरं, तसं आत राहण्यात काही फायदाही लागतो. अमेरिकेत सरकारला आणि वर्तमानपत्रांना कॅथलिकांचा एक पत्ता माहीत होता, प्रोटेस्टंटांचा एक. ज्यू धर्मसंस्थांचा एक पत्ता म्हणजे ही कौन्सिल. जानेवारी १९६३ मध्ये शिकागोला धर्म आणि वंश या विषयावर राष्ट्रीय परिषद भरली, तिची निमंत्रणं तिघांच्या नावाने गेली: कॅथलिक वेल्फेअर कॉन्फरन्स, नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस आणि सिनेगॉग कौन्सिल. तिथे मार्टिन ल्यूथर किंग बोलले, रब्बाय आणि धर्मचिंतक अब्राहम जोशुआ हेशेल बोलले. कौन्सिलच्या सहा सभासदांपैकी कुठल्याही एकट्या संघटनेला कार्डावर ती तिसरी जागा मिळाली नसती.

रिटायर्ड_सुभेदार

माझं मत वेगळं. कायमची परिषद काढूच नका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात ३०० हून जास्त रब्बाय चॅप्लेन, म्हणजे सैन्यातले धर्मगुरू, होते, तिन्ही प्रवाहांचे. ज्युइश वेल्फेअर बोर्ड ही त्यांची व्यवस्था बघणारी संस्था. आघाडीवरच्या सैनिकाला धर्माचा प्रश्न पडला तर उत्तर कुणाचं चालणार? बोर्डाने तिघांची समिती नेमली: रिफॉर्मचे सॉलोमन फ्रीहॉफ, कॉन्झर्व्हेटिव्हांचे मिल्टन स्टाइनबर्ग, ऑर्थोडॉक्सांचे लिओ युंग. गंमत बघा, शांततेत ज्या धर्मनिर्णयाला तिघं एकत्र हात लावत नव्हते, तोच विषय युद्धात तिघांनी मिळून हाताळला. कारण पोस्टिंगवर एकच रब्बाय, आणि तो तुमच्या पंथाचा असेलच असं नाही.

काम पुढ्यात असलं की माणसं बसतात. दिवाळीच्या सुट्टीपुरती तीन जणांची समिती करा, बाकी मग बघा.

पंचांगवाला

अवांतर, पण आपल्याशी नातं आहे म्हणून. १९५० च्या दशकात भारताने संयुक्त राष्ट्रांत जागतिक कॅलेंडरचा प्रस्ताव पुढे रेटला होता, मेघनाद साहा त्याचे मोठे पुरस्कर्ते. त्यात ५२ आठवड्यांचे ३६४ दिवस झाले की उरलेल्या दिवसाला वारच नव्हता. मग दर सातवा दिवस शब्बाथ हे चक्र दरवर्षी एकेक घर सरकणार. ज्यू धर्मसंघटना सगळे मतभेद बाजूला ठेवून विरोधात गेल्या, शनिवार पाळणारा ख्रिस्ती पंथ सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्टही. १९५५ मध्ये अमेरिकेने धार्मिक आक्षेपांचं कारण देत नकार कळवला आणि प्रस्ताव बारगळला. सगळे पंथ एका आवाजात बोलले तर काय होतं याचं इतकं चोख उदाहरण मला दुसरं माहीत नाही, फक्त हरलेल्या बाजूला आपण होतो!

मुक्काम_एडिसन

वा, भरभरून मिळालं. सगळ्यांचे आभार. सुभेदारकाका, समितीची सूचना बैठकीत नक्की मांडतो. दोन गोष्टी राहिल्या. कौन्सिल बंद का पडली? आणि मूळ कागद घरबसल्या वाचता येतील का?

कागदी_घोडा

बंद पडण्याचं तातडीचं कारण पैसा. १९९४ मध्ये कर्ज झालं होतं आणि सभासद संस्था खिशात हात घालेनात. पण त्या का घालेनात ते जास्त महत्त्वाचं. तोवर प्रत्येकाकडे स्वतःचा पत्ता होता. रिफॉर्मवाल्यांचं वॉशिंग्टनमधलं रिलिजस ॲक्शन सेंटर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून जोरात होतं, नागरी हक्कांच्या चळवळीतली माणसं तिथेच बसून काम करायची. जो निरोप आपल्या माणसाकरवी आपल्या शब्दांत जातो, तो सहा जणांच्या चाळणीतून कोण घालेल? त्यातच ज्यू कोण, धर्मांतर कुणाचं खरं, यावरून १९८० नंतर वातावरण तापलेलं होतं. तरी बंद पडली तेव्हा फार मोठा गाजावाजा झाला नाही, हेच मला बोलकं वाटतं.

कागदांबद्दल: कौन्सिलची दप्तरं न्यूयॉर्कला अमेरिकन ज्युइश हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. तुम्ही एडिसनला, म्हणजे ट्रेनने जाऊन येण्यासारखं. घरबसल्या हवं तर ज्युइश टेलिग्राफिक एजन्सी या वृत्तसंस्थेचा जुन्या बातम्यांचा संग्रह जालावर फुकट आहे. त्यात कौन्सिलचं नाव टाकून १९५६, १९६३ आणि १९९४ एवढीच वर्षं चाळा. बातम्या छोट्या असतात, बैठकीत वाचून दाखवता येतील. अमेरिकन ज्युइश इयर बुकचे जुने खंडही वाचायला मिळतात, पण त्यात शिरलात तर दिवाळी उलटून जाईल.

कलम_बत्तीस

नियमावलीत दोन कलमं वेगळी ठेवा. नकाराधिकार फक्त परिषदेच्या नावाने निघणाऱ्या पत्रकांना; सभासदाला स्वतःच्या नावाने काहीही बोलायची मोकळीक. आणि परिषद कोणत्या विषयांना हात लावणार नाही याची यादी आधी लिहा, पूजापद्धती सर्वात वर.

मुक्काम_एडिसन

ताई, कच्चा मसुदा तयार झाला की इथेच चिकटवतो. नजर टाकाल ना?

कलम_बत्तीस

टाकते. पण वर्गणीचं कलम कोरं ठेवून पाठवू नका.