ड्राइव्ह बसवला की वीजबिल निम्मे होते का?

उद्यमनगर, रिवाइंडिंग: "कोणत्याही मोटरला ड्राइव्ह बसवा, वेग वीस टक्के उतरवा, बिल निम्मे होईल," ही कालची पोस्ट वाचून राहवले नाही. ड्राइव्ह म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण. चार पोलची मोटर आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर, लोड असताना, मिनिटाला 1440 फेऱ्यांच्या आसपास फिरते आणि फ्रिक्वेन्सी उतरवली की वेग उतरतो, इथवर खरे. पण निम्म्याचा हिशेब पंख्याचा आणि ब्लोअरचा आहे, कारण तिथे पॉवर वेगाच्या घनाने घटते (0.8 × 0.8 × 0.8, म्हणजे सुमारे निम्मी). कन्व्हेयरला किंवा गुऱ्हाळाच्या चरकाला तो लागू होत नाही.

शिरोली, फाउंड्री: पोस्ट माझी आहे आणि ती अनुभवातून लिहिली आहे. आम्ही वर्षानुवर्षे डँपर (हवेच्या वाटेतली झडप) अर्धा मिटून ब्लोअर पूर्ण वेगाने पळवत होतो. आता डँपर पूर्ण उघडा ठेवून 40 हर्ट्झवर चालवतो.

पंचगंगाकाठ, शेतकरी: असाच सल्ला ऐकून मी नदीवरच्या पंपाला ड्राइव्ह लावला. 40 हर्ट्झवर मोटर फिरत राहिली, पंपाचे अंग तापले, पण शेतात थेंब आला नाही. वेग 80 टक्के झाला की हेड, म्हणजे पाणी चढवण्याची उंची, 64 टक्केच उरते, म्हणजे आमचा 40 मीटरचा पंप जेमतेम साडेपंचवीस मीटर उचलणार, आणि आमचा चढ 30 मीटरचा!

शिरोली, फाउंड्री: मी पंपाचा विषय काढलाच नव्हता.

पंचगंगाकाठ, शेतकरी: 'कोणत्याही मोटरला' हे शब्द तुमचेच आहेत. नुकसान आमचे झाले.

उद्यमनगर, रिवाइंडिंग: केबलबद्दल तर कोणी बोलतच नाही. ड्राइव्हपासून शंभर मीटरवर असलेली एक जुनी मोटर माझ्याकडे आली होती. उघडून पाहिले, तर सुरुवातीच्या दोन-तीन वेढ्यांचे इनॅमल (तारेवरचे आवरण) फुटलेले आणि बाकीचे तांबे नव्यासारखे होते. ओव्हरलोडने जळालेली वाइंडिंग सगळीकडे काळी पडते. इथे लांब केबलमधून परतणाऱ्या लाटांनी मोटरच्या तोंडाशी व्होल्टेज चढवले होते. ड्राइव्हच्या आउटपुटला चोक, म्हणजे व्होल्टेजची उसळी दाबणारी कॉइल, हवाच होता.

शिरोली, फाउंड्री: तुमच्या टेबलावर जळालेल्याच मोटरी येतात, धड चालणाऱ्या येत नाहीत. तेवढ्यावरून ड्राइव्हला बदनाम करणे मला मान्य नाही.

उद्यमनगर, रिवाइंडिंग: बदनामीचा आरोप मागे घ्या. माझ्या स्वतःच्या लेथला ड्राइव्ह आहे आणि पुलीचा पट्टा बदलण्याचा त्रास त्यानेच वाचवला. पण पंधरा हर्ट्झवर पूर्ण लोड घेऊन तासन्‌तास चालवाल, तर शाफ्टवरचा पंखा मोटरला पुरेसा वारा देणार नाही. तिथे वेगळा पंखा लावावाच लागतो.

शिरोली, फाउंड्री: ठीक आहे, आरोप आणि 'कोणत्याही' हा शब्द, दोन्ही मागे घेतो. ब्लोअरबद्दल लिहिलेले मात्र तसेच राहील.

पंचगंगाकाठ, शेतकरी: मग पोस्टमध्ये 'ब्लोअर' असे स्पष्ट लिहा आणि मोटरपर्यंतच्या केबलची लांबीही लिहा.