मदत हवी आहे: 'हजरनीस' आडनाव मूळचं कुठलं? आणि अजून कोण कोण आहे?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आडनाव हजरनीस. हजारनीस नाही आणि हजारे तर नाहीच नाही. परवा कुरियरवाल्याने 'हजारी निस' असं तोडून लिहिलं होतं आणि खालून 'ओ हजारीभाऊ' म्हणून हाका मारत होता, मी आपला कोणीतरी दुसरा असेल म्हणून चहा पीत बसलो. शाळेत तर रोजचंच, बाईंनी नाव घेतलं की मी 'हजर' म्हणायचो आणि अख्खा वर्ग मागून 'नीस' जोडायचा, पाचवी ते दहावी.

तर झालं असं की मुलीला शाळेतून प्रोजेक्ट मिळालंय, आपल्या आडनावाची गोष्ट. तिच्या शेजारी बसणाऱ्या नाशिककरचं दोन ओळीत आटपलं, कुलकर्णीचं गूगलवर तयार मिळालं, आमचं काही मिळेना. मग बाबा कामाला लागले आणि प्रोजेक्ट राहिलं बाजूला, मलाच नाद लागला.

मला जेवढं समजलंय ते सांगतो. 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. चिठ्ठी लिहिणारा चिटणीस, पोत्याचा म्हणजे खजिन्याचा हिशेब ठेवणारा पोतनीस, पागेचा म्हणजे घोड्यांच्या तबेल्याचा पागनीस ('संत तुकाराम'मधले विष्णुपंत पागनीस सगळ्यांना माहीत असतील), फारसी पत्रव्यवहार बघणारा पारसनीस. त्या हिशेबाने हजेरी लिहिणारा तो हजरनीस. म्हणजे 'हजर' अरबी, 'नीस' फारसी आणि बोलणारे आम्ही वरणभात खाणारे. गंमत म्हणजे शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पदांची नावं संस्कृत केली, वाकनीस होता त्याचा मंत्री झाला, सुरनीसाचा सचिव, मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत, तरी आडनावं म्हणून वाकनीस आणि मुजुमदार आजही दारावरच्या पाट्यांवर आहेतच.

इथपर्यंत ठीक आहे. पण मराठेशाहीत जे आठ दरकदार (म्हणजे मुख्य हुद्देदार) सांगतात, दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार, पोतनीस, त्यात हजरनीस नाहीच! आणि गडावरच्या नाहीतर फौजेतल्या माणसांची हजेरी ठेवायचं काम तर सबनिसाकडे असायचं. मग आमचे पूर्वज नक्की कोणाची हजेरी घेत होते? बायको म्हणते सबनिसाची घेत असतील.

दुसरा घोळ म्हणजे संख्या. जनगणनेत आडनावं मोजून छापत नाहीत त्यामुळे तिकडून काही मिळत नाही. परदेशी साइटवर आकडे दाखवतात पण ते इंग्रजी स्पेलिंगवर मोजतात, आणि आमच्याकडे 'J' लिहिणारे वेगळे, 'Z' लिहिणारे वेगळे, मध्ये 'I' घुसडणारे वेगळे. सख्ख्या भावाच्या पासपोर्टवर 'Z' आहे, माझ्यावर 'J'. म्हणजे त्या साइटच्या दृष्टीने आम्ही दोन वेगळी घराणी.

म्हणून मी शहाणपणा केला, व्हॉट्सॅप ग्रुप काढला, 'समस्त हजरनीस परिवार'. ओळखीच्यांच्या ओळखीने महिनाभरात ६१ जण जमले, पुणे, सांगली, मिरज, डोंबिवली, इंदूर, बडोदा, एक ताई सिंगापूरच्या. पहिले चार दिवस नुसतं जय श्रीकृष्ण आणि गुड मॉर्निंग, पाचव्या दिवशी कोणीतरी कुलदैवत विचारलं आणि सगळा बट्ट्याबोळ. कोणी व्याडेश्वर म्हणतंय, कोणी जेजुरीचा खंडोबा, कोणी एकवीरा. एका काकांनी रविवारी सुरमईचा फोटो टाकला तर दुसऱ्या काकांनी 'हजरनिसांत हे चालत नाही' असं लिहून ग्रुप सोडला. ते सुरमईवाले काका पण हजरनीसच आहेत हो, चार पिढ्यांची नावं घडाघडा सांगतात.

तिसरी गोष्ट, आणि खरी हीच. आजोबांच्या ट्रंकेत एक मोडी कागद निघाला. वीतभर रुंद, कडा वाळवीने खाल्लेल्या, मधोमध तेलाचा डाग. मला मोडी येत नाही. ओळखीच्या एका मुलाने (तो सध्या कुणबी नोंदी वाचायच्या कामात बुडालाय, त्याला वेळच नसतो) पाच मिनिटं बघून सांगितलं की यात 'हजीरनिसी' असा शब्द आहे आणि वर 'समान तिसैन मया व अलफ' असं वर्ष आहे. ते वर्ष म्हणजे कधीचं हे विचारायच्या आत त्याला फोन आला आणि तो गेला.

तर प्रश्न असे, की सगळे हजरनीस एकच का वेगवेगळे, ते वर्ष कोणतं, आणि मूळ आडनाव शोधायचं तर सुरुवात कुठून करू? आम्ही कोकणस्थ, गोत्र कौशिक, कुलदैवत व्याडेश्वर, पण आठवणीतल्या चार पिढ्या सातारा-वाईकडच्या.

---

बोरू_आणि_शाई: वर्षाचं सोपं आहे. तो सुहूर सन आहे, अरबी आकडे असतात आणि एककापासून वाचायचे. समान म्हणजे आठ, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार. झाले ११९८. त्यात ५९९ मिळवा, १७९७. हा सन मृगाला बदलतो त्यामुळे जून १७९७ ते जून १७९८ मधला कधीचाही कागद असेल, खाली चंद्र (म्हणजे मुसलमानी महिन्यातली तारीख) दिलेला असेल तर महिना आणि तारीख पण निघेल. म्हणजे दुसरे बाजीराव गादीवर येऊन वर्षभर झालेलं, आणि याच सालात नाना फडणीसांना कैद झाली होती. कागदाला लॅमिनेशन करू नका!! लोक हौसेने करतात आणि वाट लावतात. सरळ उजेडात फोटो काढून टाका, वाचून देतो.

महाल_नागपूर: आमच्याकडे तुम्हाला हजरनवीस मिळतील. पुण्याकडे 'नवीस' झिजून 'नीस' झालं, नागपूरकर भोसल्यांकडे पूर्ण राहिलं असं दिसतं. तुमचे चिटणीस आमचे चिटणवीस, नागपुरात चिटणवीसपुरा म्हणून अख्खी वस्ती आहे, आणि फडणवीस तर सांगायलाच नको. भंडाऱ्याचे आर. एम. हजरनवीस १९५७ ला लोकसभेवर निवडून आले होते, नेहरूंच्या काळात केंद्रात कायदा खात्याचे उपमंत्री होते. तेव्हा शोधताना 'नवीस' धरूनच शोधा, नाहीतर अर्धे लोक सुटतील.

धागाकर्ता: अरे वा, मी तर नवीसवाले वेगळेच धरून ग्रुपमध्ये घ्यायला नाही म्हणालो होतो दोघांना. आता कोणत्या तोंडाने बोलवू?

खडीसाखर: हजर.

धागाकर्ता: आली का दहावी ब.

पाटावरची_आत्या: भाऊ, रागावू नका पण तुमचा ग्रुपच चुकलाय. हे हुद्द्याचं आडनाव आहे, रक्ताचं नाही. गावोगाव पाटील असतात म्हणून सगळे पाटील चुलत भाऊ होतात का? माझं माहेर पोतनीस, आम्ही सीकेपी, आणि माझ्या वर्गात एक पोतनीस होती ती देशस्थ. दोघींच्या खापरपणजोबांनी कुठेतरी वेगवेगळ्या खजिन्यावर बसून पैसे मोजले एवढाच संबंध. तुमच्या सुरमईवाल्या काकांना परत ग्रुपमध्ये मान द्या, त्यांचं आडनाव तुमच्याइतकंच खरं आहे.

इंदूर-बडोद्याचं पण तसंच. होळकर, शिंदे, गायकवाड सगळ्यांनी पुण्याचीच कचेरीची पद्धत उचलली, तिथेही फडणीस आणि मुजुमदार नेमले. आता त्यातला कोण पुण्याहून गेला आणि कोणाला तिथेच हुद्दा मिळाला हे आडनावावरून कळत नाही.

बोरू_आणि_शाई: +१. आणि हुद्द्याच्या आधी आडनाव असतंच. नाना फडणीस मूळचे भानू, वेळासचे. पेशवे मूळचे भट, श्रीवर्धनचे. रास्ते मूळचे गोखले. साताऱ्याचे चिटणीस म्हणजे बाळाजी आवजी चित्रे यांचा वंश. हुद्दा वंशपरंपरेने चालत राहिला की तीन पिढ्यांत लोक मूळ नाव विसरतात. १८१८ ला पेशवाई गेली तेव्हा कचेरी गेली, काम गेलं, नाव तेवढं चिकटून राहिलं.

सबनिसाच्या कोड्याबद्दल, दरकदार आठच म्हणून कारकून आठच नव्हते. एकेका सरदाराच्या फौजेत, पागेत, खुद्द हुजुरातीत (पेशव्यांच्या खास फौजेत) किती लिहिणारे लागायचे याचा विचार करा. फौजेचा पैसा माणसं आणि घोडी मोजून मिळायचा, कागदावर दोनशे आणि मैदानात दीडशे हा प्रकार तेव्हाही होताच, त्यामुळे हजेरीला किंमत होती. तुमच्या कागदात 'हजीरनिसी'च्या आधी कोणाचं नाव आहे ते बघायला हवं, कोणत्या पथकाची हजीरनिसी यावर सगळं आहे.

देवरुखकर: गोत्र दिलंत ते बरं केलंत. कोकणस्थांची गोत्रं चौदाच आणि मूळ आडनावं साठ मानतात, बाकीची त्यातून फुटलेली. कौशिकात आपटे, गद्रे, भावे अशी मोजकीच येतात. म्हणजे तुम्ही मूळचे त्यातलेच कोणीतरी असणार. व्याडेश्वर गुहागरचा, तिथे जाऊन अभिषेक करणाऱ्या गुरुजींना विचारा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला आधी विचारा. पुरुषांना पराक्रम आठवतात, बायकांना सोवळं-सुतक आठवतं आणि या कामाला तेच लागतं.

जुनी_बखर: पुण्यात कौन्सिल हॉलजवळ पुरालेखागार आहे, पेशवे दप्तर तिथेच. कोट्यवधी कागद आहेत, नुसतं 'हजरनीस शोधून द्या' म्हटलं तर हसतील. साल आणि सरदाराचं नाव घेऊन जा. भारत इतिहास संशोधक मंडळातही विचारा. त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला तुमच्या घरातलं कोणी विधी करून आलं असेल तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत पिढ्या लिहिलेल्या सापडू शकतात, तिथे कधी कधी 'अमुक उपनाम तमुक' असं दोन्ही असतं.

झिंगूर: एवढं सगळं सहावीच्या प्रोजेक्टसाठी? 😂

धागाकर्ता: प्रोजेक्ट कधीच सबमिट झालं, तिने 'माझे पूर्वज मॉनिटर होते' असं लिहिलं आणि तिला ए मिळाला.

---

धागाकर्ता (अपडेट, तीन आठवड्यांनी):

सगळ्यांचे आभार. बोरूकाकांनी फोटोवरून कागद वाचून दिला, पथकाच्या नावावर नेमका तो तेलाचा डाग आहे, 'निसबत' (म्हणजे अमक्याकडील) एवढं लागतं आणि पुढे काळं. आमच्या कोणत्या आजीने त्यावर दिवा ठेवला होता कोण जाणे.

पण देवरुखकर म्हणाले तसं मी माझ्या सख्ख्या आत्याला फोन केला, वय ८७, कानाला यंत्र आहे पण डोकं लख्ख. म्हटलं आत्या आपलं मूळ आडनाव काय? तर म्हणाली हजरनीसच की रे, अजून काय. गावाचं विचारलं, वाई. सगळं तेच. शेवटी सहज म्हणून विचारलं की आजोबांनी कधी परक्या कोणाचं सुतक धरलं होतं का, तर पलीकडे जरा वेळ शांतता आणि मग एकदम म्हणाली, हो, मोदक!

झालं असं होतं की ती सात-आठ वर्षांची असताना गणपती दोन दिवसांवर आले होते, मोदकाची पिठी दळून झालेली, नारळ सोलून ठेवलेले, आणि कोकणातून पोस्टकार्ड आलं. आजोबांनी ते दारातच उभ्याने वाचलं, फाडलं आणि तसेच विहिरीवर आंघोळीला गेले. घरात तीन दिवसांचं सुतक. गणपती शेजारच्यांकडे पाठवला आणि मोदक झाले नाहीत. ही रडरड रडली, म्हणाली मेलं कोण तेही कळेना, कोणी कधी बघितलेलं नाही. तेव्हा आजीने सांगितलं की गुहागरकडचे आपटे गेले, लांबचे असले तरी भाऊबंद आहेत, पाळावं लागतं.

आत्याला त्या माणसाचं पहिलं नाव आठवत नाही. नारळ किती होते ते आठवतंय, अकरा.

आता नुसतं सगोत्र म्हणून कोणी सुतक धरत नाही, सोयरिकीपुरतं बघतात. तीन दिवस धरलं म्हणजे दूरचे का होईना एका मूळ पुरुषाचे, असं आमचे गुरुजी म्हणाले. त्यामुळे आता विनंती अशी की इथे कोणी गुहागर बाजूचे आपटे असतील, किंवा कोणाकडे आपट्यांचा कुलवृत्तांत असेल, तर त्यात १८०० च्या आधी घाटावर, वाई-साताऱ्याकडे गेलेली आणि पुढे तुटलेली शाखा आहे का तेवढं बघा. 'हजीरनिसी' किंवा 'हजरनीस' शब्द सापडला तर पानाचा फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पोस्टकार्ड १९४५-४७ च्या आसपासचं असणार, श्रावणाच्या अखेरीस नाहीतर भाद्रपदाच्या अगदी सुरुवातीला वारलेले आपटे.

आणि हो, सुरमईवाले काका ग्रुपवरच आहेत, जे सोडून गेले होते त्यांनाही परत घेतलंय. ग्रुपचं नाव मात्र बदललं, आता नुसतं 'हजेरी'.