दिव्यांगांच्या रोजगार-साहाय्य प्रशिक्षणाला ४० टक्के दिव्यांगत्वाची आणि हजेरीची अट असावी काय?

खाडीपलीकडचा (तवसाळ, तालुका गुहागर):
गेल्या हंगामाच्या आधी माझा मावसभाऊ आंब्याच्या कलमावरून पडला. त्याचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही, त्यामुळे त्याला झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) धरता येत नाही, आणि झेला धरता येत नसेल तर आमच्या भागात चैत्र-वैशाखात त्याला कोणी बोलावत नाही. वैद्यकीय मंडळाने त्याला ३५ टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र दिले. दिव्यांगांना संगणकावर हिशेब शिकवून नोकरी मिळवून देणाऱ्या एका केंद्राचे नाव ऐकून तो रत्नागिरीला गेला, तेव्हा ४० च्या खाली प्रवेश नाही असे त्याला खिडकीवरच सांगण्यात आले. ज्यांना प्रवेश मिळतो त्यांची हजेरी ८० टक्क्यांच्या खाली गेली तर विद्यावेतन थांबते आणि पुढे नावही कमी होते, हेही तिथेच कळले.

माझ्या मते या दोन्ही अटी चुकीच्या जागी लावल्या आहेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ४० टक्क्यांची रेषा आहे, परंतु नोकरीच्या बाबतीत ती कलम ३४ मधील किमान ४ टक्के आरक्षणासाठी आहे. व्यवसाय प्रशिक्षणाच्या योजना आखायला सांगणारे कलम १९ केवळ ‘दिव्यांग व्यक्ती’ असे म्हणते, त्यात लक्षणीय दिव्यांगत्वाची, म्हणजे ४० टक्क्यांची, अट नाही. राखीव जागा मोजक्या असल्यामुळे तिथे रेषा ओढावीच लागते. ती शिकवण्याच्या दारावर आणून ओढण्याचे कारण मला सापडलेले नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ११ फेब्रुवारी २०२१ रोजी, परीक्षेत उत्तरे लिहून देणारा लेखनिक मागणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, वाजवी सोयी मिळण्याचा हक्क ४० टक्क्यांवरच्यांपुरता मर्यादित नाही असे स्पष्ट केले आहे.

हजेरीबद्दल एवढेच सांगतो की रत्नागिरीकडे खाडी ओलांडणारी जयगडची फेरीबोट बंद असली की आम्हांला भातगाव पुलावरून वळसा घालून जावे लागते. धडधाकट माणसाचाही त्या दिवशी पहिला तास बुडतो.

हजेरीपुस्तक:
मी अशाच एका केंद्रात सहा वर्षे शिकवले आहे, त्यामुळे आपल्या मावसभावाबद्दल पूर्ण सहानुभूती ठेवूनही मी दोन्ही अटींच्या बाजूने लिहितो.

प्रथम ४० टक्क्यांबद्दल. केंद्र सरकारने २०१५ मध्ये दिव्यांगांसाठी जी कौशल्य प्रशिक्षणाची राष्ट्रीय योजना आणली, तिच्यात १५ ते ५९ हे वय आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व ही पात्रता आहे. ही अट कोणा कारकुनाच्या लहरीतून आलेली नाही. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला किती जण नोकरीला लागले यावर तोलले जाते, आणि असे तोलले जाऊ लागले की संस्था सोपे उमेदवार शोधू लागते हे मी जवळून पाहिले आहे. दार २० किंवा ३० टक्क्यांपर्यंत उघडले तर एक बोट गमावलेला पदवीधर आधी आत येईल, आणि स्वमग्न किंवा बौद्धिक दिव्यांग मुलगा, ज्याला बिस्किटांचे पुडे मोजून भरायला शिकवण्यासाठी तीन महिने लागतात, तो यादीच्या तळाशी जाईल. आपण ज्या कलम १९ चा आधार घेतला, त्याच कलमात विकासात्मक, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व व स्वमग्नता असलेल्यांसाठी बाजारपेठेशी जोडलेले प्रशिक्षण असावे असेही म्हटले आहे. त्यांच्या वाट्याची खुर्ची राखायची असेल तर रेषा कोठेतरी लागणारच.

आता हजेरी. अट नव्हती त्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्या वर्गात पंधरापैकी चार जण उरले होते. बाकीचे आंब्याच्या पेट्या भरायला गेले होते आणि त्यांत त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही. मात्र त्या अकरा रिकाम्या खुर्च्यांसाठी आम्ही जूनमध्ये इतर अकरा जणांना नाही म्हटले होते.

काजूची पाटी (वेंगुर्ले):
दोघेही जाणकार आहात, म्हणून जरा धीर करून लिहिते. मला लहानपणी पोलिओ झाला. माझे प्रमाणपत्र ५५ टक्क्यांचे आहे, म्हणजे आपल्या रेषेच्या मी आतली आहे. मी काजूच्या कारखान्यात गर सोलण्याच्या आणि निवडण्याच्या कामावर बसते. असे एक प्रशिक्षण मी अर्ध्यावर सोडले, आणि त्याचे कारण हजेरी किंवा टक्केवारी यांपैकी काहीच नव्हते.

मला संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान मिळते. त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे आणि त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. प्रशिक्षणानंतर मिळणारी नोकरी कंत्राटी, सहा महिन्यांची होती. त्या सहा महिन्यांच्या पगारामुळे अनुदान बंद झाले आणि नंतर नोकरीही गेली, तर ते पुन्हा सुरू करण्यासाठी किती फेऱ्या माराव्या लागतील याचा हिशेब माझ्या आईने दोन मिनिटांत केला. हजेरीपुस्तक यांनी सांगितलेल्या अकरा जणांपैकी काहींच्या घरी हाच हिशेब झाला नसेल असे मला वाटत नाही. नियमावलीत सहभागाच्या अटी लिहिता तेव्हा सहभागी झाल्याने काय गमवावे लागणार नाही, हेही लिहावे. ते लिहिलेले मी अजून पाहिलेले नाही.

सुकती:
हा वाद आपल्याकडेच आहे असे नाही. ऑस्ट्रेलियातील दिव्यांग रोजगार सेवेत प्रवेशासाठी शरीराच्या टक्केवारीऐवजी माणूस आठवड्याला किती तास काम करू शकेल हे पाहत असत आणि किमान ८ तासांची क्षमता मागत असत. १ नोव्हेंबर २०२५ पासून तिथे नवी सेवा सुरू झाली आणि तिच्यात ८ तासांखालच्यांनाही घेतले जाते. दुसरीकडे, तिथे बेरोजगार भत्ता घेणाऱ्याने ठरलेली भेट सबळ कारणाशिवाय चुकवली तर भत्ता रोखला जाऊ शकतो. म्हणजे दार रुंद झाले, तरी आत आल्यावरची शिस्त सैल झालेली नाही. मला हा क्रम पटतो. प्रवेश काम करण्याच्या क्षमतेवर असावा आणि हजेरी सक्तीची असावी.

हजेरीपुस्तक:
कामाचे तास मोजायला तिथे स्वतंत्र मूल्यमापन करणारी माणसे असतात. आपल्याकडे टक्केवारीच्या मंडळाची तारीख मिळवतानाच पालक थकतात. त्यावर दुसरे मंडळ नेमले तर मावसभावाला एकाऐवजी दोन प्रमाणपत्रे काढावी लागतील. क्रम सुंदर आहे, पण तो चालवणारी यंत्रणा आणायची कोठून?

काजूची पाटी यांचा मुद्दा मात्र मला मान्य आहे, आणि तो मला सहा वर्षांत कोणी सांगितला नाही याचे थोडे वाईटही वाटते. मुले येईनाशी झाली की आम्ही ‘अनियमित’ असा शेरा मारत होतो.

खाडीपलीकडचा:
सोप्या उमेदवारांचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. तरीही त्यावरचा उपाय ४० च्या खाली दार लावणे हा नव्हे. जागा वाटून ठेवता येतील: पंधरापैकी बारा ४० आणि त्यावरच्यांसाठी, त्यांतल्या चार बौद्धिक दिव्यांग व स्वमग्न यांच्यासाठी, आणि उरलेल्या तीन खालच्यांसाठी. आज माझ्या मावसभावाची स्थिती अशी आहे की यूडीआयडीचे, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचे, ४० च्या खालच्यांना मिळणारे पांढरे कार्ड त्याच्या खिशात आहे. एसटीची ७५ टक्के सवलत त्याला नाही, आरक्षण नाही, प्रशिक्षणही नाही. सरकारने त्याला दिव्यांग असल्याचे लिहून दिले आहे आणि त्यापलीकडे काही दिलेले नाही. दुसऱ्या मंडळाचीही गरज नाही. पहिल्या आठवड्यात शिक्षकाने स्वतः उमेदवाराला काम करताना पाहावे, हे मूल्यमापन आपण नाहीतरी करतच असाल.

हजेरीची सक्ती मी मान्य करतो, पण दोन दुरुस्त्यांसह. वर्ग जून ते फेब्रुवारी असावेत, म्हणजे आंब्याशी झगडा राहणार नाही. आणि वाहन बंद असल्यामुळे चुकलेला दिवस गैरहजेरीत धरू नये.

हजेरीपुस्तक:
जून ते फेब्रुवारी हे मला पटते, फक्त बंदरावर मासळी निवडायला जाणाऱ्या मुली ऑगस्टनंतर कमी होतील, तेव्हा भांडण एका हंगामातून दुसऱ्यात गेले असे होऊ नये. दुसऱ्या दुरुस्तीबद्दल शंका आहे. वाहन बंद होते हे ठरवणार कोण? पावसाळ्यात रोज सकाळी मला दहा जणांचे फोन येतील आणि दहाही जण खाडीपलीकडचे असतील.

खाडीपलीकडचा:
फेरीबोट सुटली की नाही हे जेट्टीवर तिकीट देणाऱ्याला माहीत असते, आणि एसटीची फेरी रद्द झाल्याची नोंद आगारात असते. आपण सकाळी साडेआठला त्या दोन ठिकाणी दोन फोन करा, म्हणजे दहा फोन घ्यावे लागणार नाहीत.

काजूची पाटी:
आणि तिसरा फोन तहसील कार्यालयात करा.