मदत हवी आहे: पीसीबीच्या गाळात टॉमकॉड जगला कसा?

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीत एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. येत्या गुरुवारी सेमिनार आहे. विषय मीच मागून घेतलाय: न्यूयॉर्कच्या हडसन नदीतला टॉमकॉड. एका जागी गाडी अडलीय आणि मार्गदर्शक मॅडम रजेवर आहेत, म्हणून इथे विचारते.

समजलंय तेवढं आधी सांगते, म्हणजे चूक असेल तर धरता येईल. १९४७ ते १९७७ अशी तीस वर्षं फोर्ट एडवर्ड आणि हडसन फॉल्सच्या कारखान्यांतून पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, क्लोरीन असलेली कृत्रिम रसायनं) नदीत जात होतं. विजेच्या सामानात ते वापरायचे, कारण सहजासहजी जळत नाही, बिघडत नाही. तोच गुण नदीला भोवला. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, गाळाला चिकटतं आणि माशात गेलं की चरबीत जाऊन बसतं. टॉमकॉड हा कॉडच्या कुळातला छोटा मासा, तळाशी राहणारा. याची चरबी साठते यकृतात, म्हणजे विषही तिथेच. एके काळी हडसनच्या टॉमकॉडमध्ये यकृताच्या गाठी फार मोठ्या प्रमाणात सापडत.

आता अडचण. एएचआर नावाचा रिसेप्टर (ठरावीक रेणू पकडून जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन) पेशीद्रवात थांबलेला असतो. पीसीबी-१२६ (पीसीबीचाच एक प्रकार) सारखा चपटा रेणू त्याला चिकटला की तो केंद्रकात शिरतो, एआरएनटी या जोडीदाराबरोबर डीएनएवर बसतो आणि सीवायपी१ए हे विकर भराभर बनायला लागतं. हे विष फोडणारं विकर. ते वाढलं म्हणजे शरीर स्वतःला वाचवतंय, असं आम्ही बी.एस्सी.पासून शिकलो.

पण २०११ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं की हडसनच्या जवळजवळ सगळ्या टॉमकॉडमध्ये एएचआर२ (माशांतला या रिसेप्टरचा एक प्रकार) जनुकातली डीएनएची सहा अक्षरं गळालेली आहेत. त्यामुळे प्रथिनात दोन अमिनो आम्लं कमी आहेत, रिसेप्टर पीसीबीला घट्ट धरत नाही आणि सीवायपी१ए वाढत नाही. आणि नेमका हाच मासा तगला! विष फोडणारं विकरच बनत नसेल तर तो आधी मरायला हवा होता ना? दोन दिवस झाले, हे डोक्यात बसत नाहीये.

दुसरं छोटं आहे. माझ्याकडे बाजारातल्या चिलापीच्या यकृताची एच अँड ई (ऊतक पाहण्यासाठीचं नेहमीचं रंगकाम) स्लाइड आहे. चाळीसच्या लेन्सखाली पेशींत स्वच्छ कडेच्या गोल पांढऱ्या जागा दिसतात आणि केंद्रक एका बाजूला ढकललेलं, अंगठीतल्या खड्यासारखं. प्रदूषणाचा परिणाम म्हणून ही दाखवू का?

गोडंपाणी:
ताई, सगळा घोळ ‘फोडणारं’ या शब्दात आहे. कोळसा-तेल जळून होणारी पीएएच संयुगं सीवायपी१ए झटपट बदलतं. पीसीबी-१२६ त्याला जवळजवळ फुटतच नाही. रेणू विकराच्या खाचेत अडकतो, विकर ऑक्सिजन ओढत राहतं, आणि तो ऑक्सिजन पीसीबीला न लागता सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड होऊन सुटतो. पेशीपटलातली मेदाम्लं आणि डीएनए त्यात पोळतात.

तरी सगळा दोष सीवायपी१एवर टाकू नका, परीक्षक तिथेच पकडतील. झेब्राफिश या प्रयोगशाळेतल्या छोट्या माशाच्या भ्रूणात एएचआर२ दाबलं तर डायॉक्सिन (पीसीबी-१२६ सारखंच एएचआरला चिकटणारं विष) देऊनही हृदय बरंचसं शाबूत राहतं. एकटं सीवायपी१ए दाबलं तर मात्र हृदय बिघडायचं ते बिघडतंच. म्हणजे रिसेप्टर इतरही कितीतरी जनुकं अवेळी चालू-बंद करतो आणि वाढत्या पिल्लाला ते सोसत नाही. टॉमकॉडच्या अंगात विष आहेच, त्याचा हुकूम तेवढा पेशीत चालत नाही.

अक्षरं पीसीबीमुळे गळाली असंही लिहू नका. हाच बदल कनेक्टिकटच्या टॉमकॉडमध्येही तुरळक सापडतो. आधीपासून मूठभर माशांत असावा. हडसनमध्ये तेच उरले. आणि विष घेऊन जगणारा मासा पुढे स्ट्राइप्ड बास या मोठ्या शिकारी माशाच्या पोटात जातो, हे सेमिनारमध्ये नक्की सांगा. मला स्वतःला यातलं हेच सगळ्यात काळजीचं वाटतं.

उत्तरवारा:
स्लाइडबद्दल लिहितो. जरूर दाखवा, पण प्रदूषणाचा पुरावा म्हणून नको. पॅराफिन मेणात बसवण्यासाठी ऊतक अल्कोहोल-झायलीनमधून जातं तेव्हा चरबी धुऊन निघते आणि रिकामी जागा उरते. ग्लायकोजेनमुळेही पोकळ्या दिसतात, त्यांच्या कडा मात्र विसविशीत असतात. चरबीच आहे हे दाखवायला गोठवलेला छेद घेऊन ऑइल रेड ओ हा चरबी रंगवणारा रंग लावायला हवा. त्यातून तळ्यात भरपूर खाद्य खाल्लेल्या चिलापीचं यकृत तसंही मेदाने भरतं.

चयापचयाचं उदाहरण हवं असेल तर आर्क्टिक चार (Arctic charr) हा थंड पाण्यातला मासा घ्या. मी नॉर्वेत असतो, इकडे त्याच्यावर बरंच काम झालंय. हा मासा हिवाळ्यात महिनोन्‌महिने जेमतेम खातो. साठवलेली चरबी जळते तसं तिच्यात कोंडलेलं पीसीबी सुटतं आणि यकृतात, मेंदूत पोचतं. पीसीबी दिलेल्या माशांत काहींना उपाशी ठेवून आणि काहींना खाऊ घालून हे तपासलंय. उन्हाळ्यात धडधाकट दिसणारा मासा हिवाळ्याअखेर तितका सुरक्षित नसतो.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार! चिलापीच्या स्लाइडखालची ओळ आत्ताच खोडली. आमच्याकडे क्रायोस्टॅट (गोठवलेलं ऊतक कापायचं यंत्र) नाही, उद्या ओळखीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये विचारते. आर्क्टिक चारही घालते. एकच राहिलं: हडसनच्या टॉमकॉडला पीएएच दिलं की सीवायपी१ए वाढतं, असं वाचलं. म्हणजे रिसेप्टर पूर्ण बंद नाही, बरोबर?

गोडंपाणी:
बरोबर. पकड सैल झालीय, सुटलेली नाही. यकृताच्या त्या गाठींमागे पीसीबी किती आणि पीएएच किती, हा प्रश्न गुरुवारी येईलच. तयारी ठेवा.