मदत हवी आहे: राजदूत ३५०, डावा सिलिंडर आयडलिंगला मरतो, उजव्या कार्बमधून (कार्ब्युरेटर) पेट्रोल गळतं

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. गाडी राजदूत ३५०, १९८५ ची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक. दोन्ही कार्ब मूळचेच, मिकुनी. गाडी दोन वर्षं झाकून उभी होती आणि टाकीत थोडं पेट्रोल तसंच राहिलं होतं. आता चालू होते, पण पुढचे त्रास आहेत.

आयडलिंगला फक्त उजवा सिलिंडर चालतो. डाव्या सायलेन्सरला हात लावला तर गार. ग्रिप (ॲक्सिलरेटर) पाव भागाच्या पुढं पिळली की डावा धरतो, मग गाडी चांगली ओढते. डाव्या कार्बचा एअर स्क्रू कितीही फिरवा, आवाजात फरक पडेना. उजव्याचा फिरवला की लगेच कळतो. शिवाय उजव्या कार्बच्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल टपकायलंय, गाडी मेन स्टँडवर असली तरी. टाकीचा पेट्रोल कॉक बंद केला की थांबतं.

करंट दोन्हीकडे सारखा आहे, प्लग अदलाबदल करून पाहिले. कॉम्प्रेशनही सारखं. दोन्ही कार्ब खोलून जेट पेट्रोलमध्ये धुतले, हवा मारली. उजेडात धरले तर भोक आरपार दिसतं. कार्ब बदलण्याचा सल्ला मिळतोय, पण मूळ कार्ब टाकून द्यायचे नाहीत. कुठं चुकतंय?

पायलट_जेट (छ. संभाजीनगर)

दादा, कार्ब अजिबात बदलू नका. जेट साफ झाले म्हणजे कार्ब साफ झाला असं नसतं. एअर स्क्रू फिरवून फरक पडत नाही, यातच उत्तर आहे: डाव्या कार्बच्या बॉडीतला पायलटचा, म्हणजे आयडलिंगला पेट्रोल देणारा, रस्ता बंद आहे. पाव ग्रिपच्या पुढं नीडल (स्लाइडला लटकलेली सुई) आणि मेन जेटचं काम सुरू होतं, त्यांचा रस्ता वेगळा, म्हणून तिथून पुढं डावा चालतो.

कार्ब काढून फ्लोट बाऊल उघडा. या स्क्रूंचं डोकं जपानी मापाचं असतं. साधा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात वर सरकतो आणि डोकं खातो. टोक घट्ट बसणारा घ्या, आधी हातोडीनं मागून हलका ठोका द्या, मग फिरवा. एअर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हातानं पूर्ण आत नेऊन किती फेरे होतात ते लिहून ठेवा. आत आवळू नका, त्याचं टोक मोडून भोकात अडकलं तर बॉडी वाया जाते.

आता पायलट जेट काढा. ज्या खोल विहिरीत तो बसतो तिच्यात कार्ब क्लीनरची बारीक नळी घालून फवारा मारा आणि कार्बच्या घशात बघा. इंजिनकडच्या बाजूला, तळाशी एक छिद्र आहे. त्याच्या जरा मागं, स्लाइडच्या (ग्रिपनं वर-खाली होणारी झडप) कडेखाली येणारं दुसरं बारीक छिद्र आहे, तो बायपास. एअर स्क्रूच्या भोकावर बोट दाबलं की दोन्ही छिद्रांतून धार आली पाहिजे. मग बोट काढून कार्बच्या एअर फिल्टरकडच्या तोंडाशी असलेल्या पायलट हवेच्या भोकातून फवारा मारा, तो एअर स्क्रूच्या भोकातून बाहेर आला पाहिजे. या दोन परीक्षा पास झाल्याशिवाय कार्ब परत बसवू नका. उजव्या कार्बवर आधी करून बघा म्हणजे चांगली धार कशी दिसते ते कळेल. चष्मा घाला, क्लीनर उलटा डोळ्यात येतो.

तीन_नंबर_पाना (जालना)

पायलट जेटच्या भोकात सेफ्टी पिन किंवा सुई घालून मोकळं करता येईल का? इकडं बरेच मेकॅनिक तसंच करतात.

पायलट_जेट (छ. संभाजीनगर)

नका करू. जेट पितळेचा, सुई पोलादाची. भोक जरा जरी मोठं किंवा वाकडं झालं तर जेटवरचा नंबर खोटा ठरतो, आणि दोन कार्बच्या गाडीत डावं-उजवं कधीच जुळत नाही. घरातली मऊ वायर सोला, तिच्यातली तांब्याची एकच तार घ्या. पितळेपेक्षा तांबं मऊ, ओरखडा पडत नाही. उजेडात भोक दिसतं म्हणून समाधान मानू नका. भोकाची कड पिवळट चिकट असेल तर ते अर्धं बुजलेलं असतं आणि तरीही उजेड दिसतो. पायलट जेटच्या अंगावर आडवी छिद्रं असतील तर तीही एक-एक करून मोकळी करा.

आणि मेन जेट काढल्यावर नीडल जेट खालून लाकडी काडीनं वर ढकलून काढा. बहुतेक जण तो आतच ठेवून धुतात. परत बसवताना त्याची खाच बॉडीतल्या पिनवर येऊ द्या.

गोदातीर (नांदेड)

उजव्या कार्बच्या गळतीचं सांगतो. क्रमानं बघा.

फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल डुचमळल्याचा आवाज आला तर फ्लोट फुटका आहे. खात्री करायची तर कडक गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे जिथून येतील तिथं भोक. फ्लोट ठीक असेल तर फ्लोट नीडलचं टोक नखानं चाचपा. गोल खाच जाणवली की नीडल बदला, पॉलिश करत बसू नका. सीटखालचा वायसरही बदला, कारण नीडल नवी घालूनही पेट्रोल सीटच्या आट्यांतून झिरपू शकतं. सीट आतून कापसाची काडी फिरवून पुसा. टाकीतला गंजाचा एक कण तिथं बसला तरी गळती होते.

मग फ्लोटची उंची. कार्ब उलटा धरा, पॅकिंग काढा, फ्लोटची जीभ नीडलच्या टोकावरच्या स्प्रिंगच्या पिनला नुसती टेकेल इतपत तिरका करा. स्प्रिंग दबली तर माप चुकतं. पॅकिंगच्या पृष्ठभागापासून फ्लोटपर्यंत मोजा. दोन्ही कार्बमध्ये अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक नको. एकाच कार्बमधले दोन फ्लोटही एका पातळीत हवेत. वाकवायची ती फक्त मधली जीभ, फ्लोटचे हात नव्हे.

टाकीकडेही बघा. कॉक काढून जाळी धुवा. नळी बाटलीत सोडून कॉक उघडा, घड्याळ लावा. ही गाडी जोरात चालवून तासाला १० लिटर प्यायली तरी मिनिटाला १७० मिली होतात, म्हणून कॉकमधून मिनिटाला पाव लिटर तरी आलं पाहिजे. गाडी पाच-सात किलोमीटर चालून बंद पडत असेल आणि झाकण उघडल्यावर फुस्स आवाज येत असेल, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं असतं.

मांजराकाठ (लातूर)

दोघांचे मनापासून आभार. उजव्या फ्लोट नीडलच्या टोकावर खाच होती, नीडल आणि वायसर बदलला, गळती थांबली. फ्लोटमध्ये १ मिमी फरक होता, तो जुळवला.

डाव्यात पायलटच्या विहिरीतून फवारा मारला तर पुढच्या छिद्रातून अगदी बारीक धार येते, बायपासमधून काहीच नाही. विहिरीच्या तळाशी पांढरी पूड दिसते. क्लीनरचा अर्धा डबा संपला, सुटेना.

पायलट_जेट (छ. संभाजीनगर)

पांढरी पूड म्हणजे पेट्रोलचा चिकटा नव्हे, तो तपकिरी असतो आणि क्लीनरनं विरघळतो. पांढरा म्हणजे धातूच गंजलाय. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, पेट्रोल जुनं झालं की ते पाणी वेगळं होऊन बाऊलच्या तळाशी बसतं आणि बॉडी खातं. त्याला क्लीनर लागू पडत नाही, तो हातानंच मोकळा करावा लागतो.

सगळे रबर, जेट, फ्लोट काढून नुसती बॉडी साध्या पाण्यात दहा मिनिटं उकळा. लिंबू, चिंच, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर यांतलं काहीही घालू नका, बॉडी काळी पडून आतून खरवडली जाते. बाहेर काढून गरम असतानाच घशाच्या बाजूनं, म्हणजे बायपास छिद्रातून, तांब्याची तार सरळ खाली घाला. पुढं-मागं करायची, गोल फिरवायची नाही. मग क्लीनर, मग हवा, पुन्हा तार. चार-पाच वेळा करावं लागेल. पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर वापरणार असाल तर आधी त्याच्या टाकीतलं पाणी काढायला सांगा, नाहीतर हवेबरोबर तेच पाणी आत जाईल. शेवटी उन्हात पूर्ण वाळवा.

टू_स्ट्रोक (परभणी)

तो रस्ता मोकळा झाल्यावर दोन्ही कार्ब जुळवणं हे खरं काम आहे. त्यात घाई केली तर सगळी मेहनत फुकट जाईल.

स्लाइड घालताना कापलेली बाजू एअर फिल्टरकडे. बाजूची खाच बॉडीतल्या पिनवर बसली पाहिजे. डावी-उजवी स्लाइड बदलू देऊ नका. नीडलची क्लिप दोन्हीकडे एकाच खाचेत, वरून मोजून.

दोन्ही आयडलिंग स्क्रू सैल करा, स्लाइड पूर्ण खाली बसू द्या. केबलला दोन्हीकडे १ मिमी ढील ठेवा. आता एकच ड्रिल बिट, ३ मिमीचं, उलटं धरून त्याचा गुळगुळीत दांडा एका स्लाइडखाली सरकवा आणि आयडलिंग स्क्रू इतका आवळा की दांडा हलकासा अडकेल. तोच दांडा, तोच अडकाव दुसरीकडे. मग दोन्ही घशांत एकेक बोट घालून दुसऱ्याला ग्रिप हळू पिळायला सांगा. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. एक आधी उचलली तर तिच्या केबलचा ॲडजस्टर थोडा आत घ्या. पूर्ण ग्रिपला दोन्ही स्लाइड घशाच्या वर गेलेल्या दिसल्या पाहिजेत.

हे झालं की ऑइल पंपाची खूण तपासा. तीच ग्रिप पंपालाही ओढते, कार्बच्या केबलचा ॲडजस्टर हलला की पंपाचं माप हललंच. गाडी दोन वर्षं उभी होती, म्हणजे पंपाच्या नळीत हवा असणार. ती काढून टाका (ब्लीड करा) आणि पहिल्या टाकीत पंपाच्या जोडीला लिटरमागे २० मिली टू-टी ऑइल थेट पेट्रोलमध्ये घाला. धूर होईल, होऊ द्या. सीझ झालेल्या पिस्टनपेक्षा तो परवडला.

एअर स्क्रू दोन्हीकडे दीड फेरा बाहेर ठेवून सुरुवात करा. गाडी चांगली तापवा. मग डाव्या प्लगची कॅप काढून जुन्या प्लगवर लावा, तो प्लग इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा (कॅप मोकळी लोंबकळत ठेवली तर कॉइल जळते). गाडी आता उजव्यावर चालेल. आयडलिंग स्क्रूनं ती जेमतेम टिकेल इतकी ठेवा, एअर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून सगळ्यात जास्त रेस कुठं मिळते ते शोधा. तेच डाव्याला. शेवटी दोन्ही प्लग लावा, रेस वाढलेली असेल, ती दोन्ही आयडलिंग स्क्रू सारखेच सोडून १,३०० च्या आसपास आणा. या कार्बमध्ये एअर स्क्रू फिल्टरच्या बाजूला आहे, म्हणजे तो हवा मोजतो: बाहेर काढला की मिश्रण लीन (पेट्रोल कमी), आत नेला की रिच (पेट्रोल जास्त). पेट्रोल मोजणारा स्क्रू असलेल्या गाड्यांत हे बरोबर उलटं असतं, तिथली सवय इथं चालत नाही.

मांजराकाठ (लातूर)

बायपास मोकळा झाला! डावा आयडलिंगला चालतोय, दोन्ही सायलेन्सर सारखे तापतात. डावा एअर स्क्रू सव्वा फेऱ्यावर, उजवा दीडवर बसला. पण एक नवीन त्रास: गाडी गरम झाली की ग्रिप सोडल्यावर रेस लगेच खाली येईना, चार-पाच सेकंद वरच राहते. डावा प्लग पांढरट आहे, उजवा बदामी.

टू_स्ट्रोक (परभणी)

गाडी आता जोरात पळवू नका. पांढरा प्लग आणि लटकलेली रेस म्हणजे डावीकडे कुठूनतरी चोरून हवा जातेय.

आधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. रेस बदलली तर नुसती केबल ताणतेय. नसेल तर आयडलिंगवर ठेवून कार्ब आणि सिलिंडर यांच्यामधल्या रबरावर स्प्रे बाटलीनं पाणी मारा. रेस क्षणभर बदलली तर तिथंच फट आहे. पेट्रोल मारून बघू नका, तापलेल्या इंजिनावर आग लागेल. दोन्ही कार्बना जोडणारी नळीही बघा. हे सगळं ठीक निघालं तर डाव्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील. उभ्या गाडीत ते कडक होतं. या इंजिनात डावीकडे मॅग्नेटची कोरडी बाजू आहे, म्हणून ते सील गेलं तर हवा येते. उजवं गेलं तर गिअर ऑइल ओढलं जातं, पांढरा दाट धूर निघतो आणि गिअर ऑइल कमी होतं.

मांजराकाठ (लातूर)

रबरच. क्लिपच्या खाली, वरून दिसत नाही अशी चीर होती. नवीन रबर घातलं, रेस लगेच खाली येते. डावा प्लगही बदामीकडे झुकलाय, तरी उजव्यापेक्षा जरा फिका. मेन जेट वाढवू का?

पायलट_जेट (छ. संभाजीनगर)

आधी कोणत्या ग्रिपला फिका होतो ते ठरवा. ग्रिपवर खडूनं पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. आठव्या भागापर्यंत पायलट, तिथून पावपर्यंत स्लाइडचा काप, पाव ते पाऊण नीडल, त्याच्या पुढं मेन जेट. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये एकाच खुणेवर काही अंतर चालवा, क्लच दाबून त्याच क्षणी किल्ली बंद करा, बाजूला थांबून प्लग काढा. आयडलिंगवर घरापर्यंत आणलेला प्लग फक्त आयडलिंगचाच रंग सांगतो.

एक लक्षात ठेवा. आता मे महिना आहे. ४२ अंशांची हवा १२ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १० टक्के पातळ असते, म्हणून उन्हाळ्यात गाडी मुळातच थोडी रिच चालते. त्यात ई२० ला (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) शुद्ध पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणजे त्याच जेटवर मिश्रण ७-८ टक्के लीन पडतं. या दोन गोष्टी सध्या एकमेकींना थोडं सांभाळून घेतायत. डिसेंबरच्या पहाटे उष्णतेची मदत जाईल आणि आज बरोबर वाटणारं सेटिंग लीन होईल. म्हणून मधल्या ग्रिपला फिका दिसला तर दोन्ही नीडलच्या क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे नीडल वर येईल. पूर्ण ग्रिपला फिका दिसला तरच मेन जेट ५ नंबरनं वाढवा, दोन्हीकडे. एकाच बाजूला जेट वाढवून फरक झाकू नका.

गोदातीर (नांदेड)

बाजारातल्या किटमधले जेट घेताना जपून. नंबर तोच असून भोक वेगळं निघतं. किटमधून पॅकिंग आणि ओ-रिंग घ्या, पितळ जुनंच ठेवा. आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग दोन्ही बाऊलचे ड्रेन स्क्रू उघडून उरलेलं काढा.

मांजराकाठ (लातूर)

अर्ध्या ग्रिपला दोन्ही फिके निघाले, पूर्ण ग्रिपला बदामी. क्लिप दोन्हीकडे एक खाच खाली घेतली, मेन जेट तसाच ठेवला. आता चारही खुणांवर रंग सारखा आहे. नवीन रबराच्या क्लिप १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळतो आणि डाव्याचा रंग इथं कळवतो.